आलेल्याला उत्तर

आमच्या अक्काला कुणी विचारलं, तुझी धाकटी बहीण पुण्याला काय करते, तर ती सांगायची, "ती दारावर असती." एवढंच. त्यामुळे अवसरी बुद्रुकमधल्या बऱ्याच बायकांचा असा समज होता की मी कुठल्या तरी कंपनीच्या फाटकावर बसते आणि आल्यागेल्याला हटकते. एकीने तर मला मंचरच्या बाजारात गाठून, माझ्या सुनेलाही तिथं चिकटवून द्या, तिला दिवसभर उभं राहायची सवय आहे, अशी गळ घातली होती. मी इंजिनिअर आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. चूक अक्काची नव्हती. माझं काम मीच तिला एकदा तसं समजावलं होतं आणि अख्ख्या नोकरीत मला त्याहून बरं सांगता आलेलं नाही.

या अंकासाठी नोकरीबद्दल लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आमच्या कामात सांगण्यासारखं काय असतं? नीट चाललं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि बिघडलं की सगळे नावानं खडे फोडतात. पण या उन्हाळ्यात अक्का गेली. त्यानंतर जे कळलं, ते मला माझ्या कामाची आठवण काढल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आधी कामाचं सांगते, मग अक्काचं.

एका कॉम्प्युटरवर एका वेळी बरेच प्रोग्रॅम चालू असतात. गावातल्या दूध संकलन केंद्राचंच घ्या. एक प्रोग्रॅम वजनकाटा वाचतो, एक फॅट मोजणाऱ्या मशीनशी बोलतो, एक पावती छापतो, एक शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज धाडतो. सगळे एकाच डब्यात राहतात, पण एकमेकांच्या खोलीत शिरायची कुणालाच परवानगी नसते. एकाला दुसऱ्याशी बोलायचं तर मध्ये कुणीतरी लागतं. त्या मधल्याला सर्व्हर म्हणतात आणि त्याच्याकडे येणाऱ्यांना क्लायंट. आमची छोटी कंपनी असे मधले सर्व्हर लिहायची. त्यातलाही एकच तुकडा माझ्याकडे होता : नवा क्लायंट आला की त्याला आत कसं घ्यायचं. आत गेल्यावर तो कुणाशी काय बोलतो, ते बाकीच्यांनी बघायचं. मी दारावर.

ऐकायला सोपं वाटतं. सर्व्हर उठला की आधी आपला पत्ता जाहीर करतो आणि मग कान देऊन बसतो. या कान देऊन बसण्याला आमच्यात 'लिसन' असंच म्हणतात. दार सताड उघडं टाकायचं नाही, फक्त कान उघडा ठेवायचा. कुणी वाजवलं की त्याला आत घ्यायचं, त्याला त्याची वेगळी खोली दाखवायची आणि लगेच माघारी दाराशी यायचं. नवशिके इथेच फसतात. पहिला आला की ते त्याच्याशी दारातच गप्पा मारत उभे राहतात आणि मागे बाकीच्यांची रांग लागते. मी नव्या पोरापोरींना सांगायचे, लग्नघरात दारावर अत्तर लावणारा कधी कुणाशी सोयरीक जमवत बसतो का? लावलं, पुढे सरकवलं, पुढचा या.

मग आत आलेल्याने नाव सांगायचं असतं. काही आत येतात आणि गप्प उभे राहतात. ना नाव, ना गाव. अशासाठी मुदत ठेवावी लागते. तेवढ्या वेळात तोंड उघडलं नाही तर बाहेर. मुदत कमी ठेवली तर बिचारा सावकाश बोलणारा उगाच हाकलला जातो, जास्त ठेवली तर गप्प बसणारेच सगळ्या खोल्या अडवतात. या एका मुदतीवरून आम्ही ऑफिसात इतके भांडलो आहोत की चहावाला आमची भांडणं बघून कप ठेवून परत जायचा.

आमच्या गावांकडच्या विजेने मला जेवढं शिकवलं तेवढं कॉलेजने शिकवलं नाही. लाईट गेली की डब्यातले सगळे एकदम मरतात आणि आली की सगळे एकदम उठून दाराकडे धावतात. त्या झुंबडीत रांग भरते, काही जण माघारी फिरतात, आणि माघारी फिरलेले सगळे पुन्हा एकाच वेळी दारात. शेवटी आम्ही क्लायंटलाच शिकवलं की बाबा रे, दार उघडलं नाही तर जरा थांब, आणि प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबा. पुण्याबाहेर कधी न राहिलेल्या आमच्या साहेबांना ही भानगड कळेचना. म्हणाले, लाईट जातेच का पण?

आणि गिऱ्हाइकं. आळेफाट्याला नाशिक रस्त्यावर एक मोठं हॉटेल होतं, तिथे बिलाचा प्रोग्रॅम आमचा होता. मालक फोन करून शिव्या द्यायचे की तुमचं मशीन दुपारच्या गर्दीत झोपतं. जाऊन पाहिलं तर बिलाची खिडकी उघडायला जरा उशीर झाला की शेठ त्या चित्रावर टकटक टकटक क्लिक करत सुटायचे. दर क्लिकला एक नवा क्लायंट दारात. मी त्यांना म्हटलं, शेठ, तुम्ही हॉटेलात मिसळ सांगितली आणि पाच मिनिटांत आली नाही तर परत परत सांगता का? शेठ म्हणाले, "सांगतो की. लई वेळा सांगतो. तवाच येती." हॉटेलच त्यांचं. पुण्याला परत येऊन दाराचाच नियम बदलला : एक खिडकी आत असताना तीच पुन्हा आली तर तिला सांगायचं, बाई, तू आधीच आत आहेस.

पण माझ्या कामातला सगळ्यात मोठा नियम मी शोधला नाही. तो रफिकभाईंचा. रफिकभाई जुन्नरचे, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे डोळ्याला बारीक पाहायची आणि तोंडाला कमी बोलायची सवय. सगळ्या खोल्या भरल्या असतील तर नव्या क्लायंटचं काय करायचं, यावर तेव्हा आमच्याकडे एकच उत्तर होतं : काही करायचं नाही. दाराकडे जायचंच नाही. आतली एखादी खोली रिकामी होईपर्यंत तो बाहेर उभा राहील.

शिनोलीजवळच्या एका दूध केंद्रातून तक्रार आली म्हणून रफिकभाई स्वतः एसटीने गेले. तिथे पावतीचा प्रोग्रॅम बाहेर अडकला होता. आतून ना ये म्हणत होते ना जा. स्क्रीनवर गोल फिरत होतं आणि काउंटरवरचा माणूस लोकांना सांगत होता, थांबा, येतंय, येतंय. डोंगराकडून चालत आलेला एक म्हातारा किटली घेऊन उन्हात उभा होता. त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून तो थांबला होता. दुपारपर्यंत त्याचं दूध फाटलं. गावातच दुसरं केंद्र होतं. नाही म्हटलं असतं तर तो तिथे गेला असता.

रफिकभाई परत आले ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "शोभाताई," ते म्हणाले, "नाही म्हणायचं असलं तर तोंडानं म्हणा. गप नका बसू. बाहेर उभा हाय त्याला काय कळणार, तुमी मेलाय का झोपलाय का त्याला नको म्हणताय?" त्या दिवसापासून आमच्या दाराची पद्धत बदलली. जागा नसली तरी आधी दार उघडायचं, आज जागा नाही, नंतर या, असं स्पष्ट सांगायचं आणि मग बंद करायचं. आलेल्याला उत्तर मिळालंच पाहिजे. पुढे मी बऱ्याच गोष्टी विसरले, पण तेवढी एक ओळ न लिहिता एकही सर्व्हर हातावेगळा केला नाही. त्याचा मला अजून अभिमान आहे.

आता अक्काचं.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिला अवसरीतच दिलं होतं आणि घर गावात नाही, मळ्यात. डांबरी रस्त्यावरून आत यायला बैलगाडीची वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना ऊस. तिला एकच मुलगा, अविनाश. त्याला कॉलेजात घातलं होतं, पण त्याचा जीव गाड्यांत. कॉलेज बुडवून तो आळेफाट्याच्या गॅरेजात पडून असायचा. एक दिवस त्याने घरी सांगून टाकलं की मी कॉलेज सोडलंय आणि ट्रकवर जाणार आहे. दाजींनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "परत माझ्या दारात पाय ठेवू नको." हे सगळ्यांच्या समोर बोलले. अवी तसाच अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला.

दाजींचा राग महिनाभरही टिकला नाही. पण ज्याच्यावर राग होता तो तोवर कुठे गेला होता देव जाणे. गॅरेजवाले सांगायचे, गुजरातकडे असतो. मग ते सांगायचेही बंद झाले. दाजी अचानक गेले. आळेफाट्याच्या सगळ्या गॅरेजांत निरोप ठेवला, तो त्याच्यापर्यंत पोचला नाही किंवा पोचला तेव्हा उशीर झाला होता. घरात फोन होता तो दाजींचा, त्यांच्यामागे तो नंबर बंद पडला. माझा नंबर अवीकडे होता की नाही, मला माहीत नाही. असता तरी मावशीला फोन करणं म्हणजे घरी फोन करणंच झालं.

तेव्हापासून अक्का दाराला कडी लावेना.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे उसात वाघ आहे. पुस्तकात त्याला बिबट्या म्हणतात, आम्ही वाघच म्हणतो. त्याने या पंचक्रोशीत कुत्री नेली, शेळ्या नेल्या आणि माणसंही नेली. दिवस कलला की पोरं घरात, दारं बंद. संध्याकाळनंतर कुणाच्या मळ्यात जायचं तर वाटेवरून चालत दारापर्यंत कुणी जात नाही. डांबरी रस्त्यावर गाडीपाशी थांबायचं, हॉर्न द्यायचा, हाक मारायची. घरचे अंगणातला दिवा लावतात, बॅटरी घेऊन पुढे येतात, मग पाहुण्याने पाऊल टाकायचं. दिवा लागला म्हणजे या. नाही लागला म्हणजे घरात कोणी नाही, किंवा आज नको. इथे ही रीतच पडून गेली आहे आणि लहान पोरालाही ती ठाऊक आहे.

अशा गावात, अशा मळ्यात अक्का एकटी दार लोटून झोपायची. पोलीस पाटील येऊन रागावून गेले. वनखात्याच्या माणसाने हात जोडले. मी नोकरी संपवून मंचरला राहायला आले होते, मी तिला माझ्याकडे चल म्हणून किती विनवलं. ती म्हणायची, तुझ्या घराचा पत्ता त्याला कुठं ठाऊक आहे? एकदा सकाळी गेले तर अंगणात पंजाचे ठसे होते, थेट ओट्याच्या पायरीपर्यंत. मी तिच्यावर ओरडले, अगं बाई, माझं सगळं आयुष्य दारावर गेलं, मला सांग ना, दार उघडं टाकून कोण बसतं? कान उघडा ठेवतात. कडी लाव, तो आला की वाजवील.

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला ऐकू येत न्हाई गं, शोभे."

मला ते माहीत नव्हतं. ती ओठांकडे बघून बोलणं ओळखायची आणि ते इतकं सवयीने करायची की सख्ख्या बहिणीला पत्ता लागला नाही. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते लावलं की तिच्या डोक्यात नुसता कलकलाट व्हायचा, म्हणून ती ते काढून देवापुढे ठेवायची. तो वाजवील आणि मला कळणार नाही, ही एकच भीती तिला होती. त्यापुढे वाघ काहीच नव्हता.

मी रफिकभाईंना फोन केला. तेही निवृत्त होऊन जुन्नरला होते. ते आपली डाग द्यायची सळई, कात्री-बित्री अशी सगळी पिशवी घेऊन आले आणि आम्ही दोघांनी अक्काच्या घरात आमच्या आयुष्यातला सगळ्यात छोटा सर्व्हर बसवला. तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला लाईट गेली तरी चालावी म्हणून बॅटरी. दाराबाहेर एक बटण. बटणाचा एक प्रोग्रॅम, दिव्यांचा एक, माझ्या मोबाइलवर मेसेज धाडणारा एक आणि मधे कान देऊन बसलेला आमचा सर्व्हर. बटण दाबलं की अक्काच्या खाटेवरचा दिवा झोपेतूनही जाग येईल असा उघडझाप करणार आणि त्याच वेळी अंगणातला मोठा दिवा लागणार. तो बाहेरच्यासाठी. आलेल्याला उत्तर मिळालंच पाहिजे. अक्काने उठून खाटेजवळचं बटण दाबेपर्यंत दिवे चालू राहायचे, नाही दाबलं तर काही वेळाने आपोआप बंद. तिला उठायला वेळ लागतो म्हणून मी ती मुदत चांगली लांब ठेवली होती. मुदतीवरून रफिकभाई या वेळी माझ्याशी भांडले नाहीत.

त्यांनी एकच गोष्ट सुचवली. डांबरी रस्त्यावर, वाट आत वळते तिथल्या खांबावरही एक बटण लावू. संध्याकाळचं कुणी आलं तर तिथूनच हाक मारणार ना. मलाही ते पटलं. वायरीचं मापही आम्ही काढलं होतं. अक्काने ते मोडून काढलं.

"त्यो काय पावणा हाय का, रस्त्यावरनं हाका माराय?" ती म्हणाली. "घरचा माणूस थेट दारात येतो."

तिच्या आवाजात इतका अपमान होता की रफिकभाईंनी मुकाट्याने वायर गुंडाळली. रस्त्यावर बटण लावणं म्हणजे आपला मुलगा पाहुणा झाला हे मान्य करणं, आणि तेवढं तिला जमणार नव्हतं. पण त्या रात्रीपासून तिने दाराला कडी लावली. गावातल्या लोकांना सुटल्यासारखं झालं.

बटण वाजायचं तसं. दिवसा शेजारची कुणी भाजी द्यायला यायची, मीटर बघणारा यायचा, आरोग्यकेंद्राच्या आशाताई यायच्या. प्रत्येक वेळी माझ्या मोबाइलवर मेसेज आला की मी अक्काकडे जाणाऱ्या कुणाला तरी फोन करून विचारायचे, कोण आलं होतं? अक्का मात्र शांत होती. खाटेवरचा दिवा ती रोज फडक्याने पुसायची. मी गेले की बाहेर जाऊन एकदा बटण दाबायला लावायची. दिवा लागला की मान हलवायची, चालतंय म्हणून. तिचा या वस्तूवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

या उन्हाळ्यात तिला ताप आला. मंचरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिथेच गेली. जायच्या आदल्या दिवशी मला खुणेने विचारत होती, घरी दिवा चालू आहे ना? मी हो म्हटलं. ते खरंही होतं.

घोड नदीवर दशक्रिया झाली. चौकात फोटोचा फ्लेक्स लागला, तो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तिथून तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला. त्यानंतर काही दिवसांनी मी अक्काची भांडी आवरायला मळ्यात गेले होते. ते बटण, ते दिवे बंद करायचंही मनात होतं, पण हात होत नव्हता. सकाळची वेळ, दार उघडंच होतं. वाटेवरून एक माणूस चालत आला आणि ओट्याच्या खाली उभा राहिला. डोकं सगळं पांढरं. मी ओळखलं नाही. त्याने मावशी म्हटलं तेव्हा ओळखलं.

मी रडले. त्याला किती बोलले मला आठवत नाही. तो खाली मान घालून ऐकत होता, पण पायरी चढत नव्हता. मग त्याची नजर दाराच्या चौकटीकडे गेली आणि त्याने विचारलं, ही बेल कधी बसवली. मी सांगितलं. अक्काला ऐकू येत नव्हतं हे सांगितलं, तुझ्यासाठी बसवली हे सांगितलं, तू आलास की तिला कळावं म्हणून.

"ऐकू येत नव्हतं?" तो म्हणाला. "कधीपासनं?"

मी म्हटलं, झाली की वर्षं.

तो तिथेच पायरीला टेकला. मग सांगितलं ते असं. गेल्या साली ऊस उभा असताना तो नाशिककडून भरलेली गाडी घेऊन आला होता. आळेफाट्याला चहा पिताना आबा, म्हणजे दाजी, गेल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं. तेव्हाच त्याने गाडी इकडे वळवली. दिवस मावळला होता. रस्त्यावर गाडी उभी केली, हॉर्न दिला, आई म्हणून हाका मारल्या. वाटेच्या टोकाला घर दिसत होतं, माणूस असल्याचा उजेड फटीतून दिसत होता. तो तिथे उभा राहून अंगणाकडे बघत होता.

"अंगणातला दिवा लागला न्हाई, मावशी. मी लई वेळ थांबलो. मंग म्हणलं, आईला पण नको हाय."

मी त्याला विचारलं, अरे, मग वाटेने थेट दारात का आला नाहीस? इतकी भीती वाटली वाघाची?

"वाघाला कोण भितंय," तो म्हणाला. "आबा म्हणले व्हते ना, दारात पाय ठेवू नको. ते गेल्यावर कोण म्हणणार व्हतं, ये म्हणून? आई म्हणली असती तर आलो असतो. म्हणून पावण्यासारखा रस्त्यावर थांबलो."

म्हणजे त्या संध्याकाळी अक्का आत दिव्याकडे तोंड करून खाटेवर बसलेली होती, आणि तो रस्त्यावर दिव्याचीच वाट बघत उभा होता. ती म्हणत होती घरचा माणूस दारात येईल. तो म्हणत होता आधी आतून ये म्हणू देत. दोघांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी बसवलेला सर्व्हर त्या वेळी नीट चालू होता. त्याच्या दारात कुणी आलंच नव्हतं. या गोष्टीचा जेवढा विचार करते तेवढं मला रफिकभाईंनी गुंडाळलेली ती वायर डोळ्यांपुढे येते. हे मी त्यांना अजून कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही.

अवी उठला. त्याने हात लांब करून, पायरी न चढताच, ते बटण दाबलं. माझ्या कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. भर उन्हात अंगणातला दिवा लागला, दिसेल न दिसेल असा. आणि उघड्या दारातून आतल्या अंधाऱ्या खोलीत रिकाम्या खाटेवरचा दिवा उघडझाप करू लागला. तो बघतच राहिला. खाटेजवळचं बटण दाबायला मी आत जायला हवं होतं, पण मी गेले नाही.

शेवटी माझ्या लक्षात आलं की तो कशासाठी थांबला आहे. इतक्या वर्षांत त्याला ते कुणी म्हटलंच नव्हतं.

"आत ये रे बाळा," मी म्हटलं.

त्याने चपला काढल्या, पायरीशी नीट जोडून ठेवल्या आणि उंबरा ओलांडला. तो खाटेपाशी पोचेपर्यंत मुदत संपून दिवा विझला होता.